बोटभर म्हणजे नेमकं केवढं?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरनं बोचकं खाली आलं आणि तिथनं सगळं सुरू झालं. आत सासूबाईंची दोन सुती लुगडी, माझ्या चार जुन्या कॉटनच्या साड्या, ह्यांचे कॉलर विरलेले शर्ट आणि पोराचा सातवीतला युनिफॉर्म. पोरगं आता बारावीला आहे. हे बोचकं दरवर्षी खाली येतं, आम्ही सोडून बघतो, "काय कापड होतं गं तेव्हाचं" म्हणतो आणि परत गाठ मारून वर. ह्या वर्षी मी म्हणलं, बास, वाकळ करायची, म्हणजे गोधडी.

तुकडे कापणं, जोडणं हे मला जमतं. तीन रविवार मशीनवर बसले आणि फूटभराचे 35 चौकोन जोडले, पाच आडवे सात उभे. खाली अस्तर, मध्ये दोन साड्यांचे दोन थर. एका सहावारीत सात बाय पाचचा एक थर बसतो आणि वर उशीच्या अभ्र्याला पुरेल एवढं उरतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच शोधलं, त्यामुळे दोन दिवस मी फार हुशार माणसासारखी वावरत होते.

मग वाकळ हॉलमध्ये पसरली. चार कोपऱ्यांवर वरवंटा, कुकर, पोराचं डंबेल आणि फिजिक्सचं गाईड ठेवलं. आणि ती तिथं अकरा दिवस तशीच पडून राहिली, कारण टाके किती दाट घालायचे हेच ठरेना.

आमचा सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट, हॉल केवढा ते काय सांगायचं. सगळे भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखे आडवे चालायला लागले. तीन दिवस हे काही बोलले नाहीत, चौथ्या दिवशी ओट्याजवळ उभ्यानं जेवताना म्हणाले, "स्टेपलर मारून टाक." मी उत्तर दिलं नाही.

आधी मी तासगावच्या मावशीला फोन लावला. मावशीनं आयुष्यात किती वाकळा शिवल्या असतील ह्याचा हिशोब तिच्याकडं पण नाही. ती म्हणाली, "आगं बोटभर सोड की. त्यात काय इचार करायचा?" आणि फोन ठेवला. आता बोटभर म्हणजे केवढं? बोटाची रुंदी धरायची का लांबी? आपण बोटभर चिंधी म्हणतो तेव्हा लांबी असते. डब्याच्या तळाला बोटभर तूप उरलंय म्हणतो तेव्हा जाडी असते. माझं बोट रुंदीला अर्धा इंच भरतं आणि लांबीला तीन. अर्धा आणि तीन, ह्यात वाकळ आणि मच्छरदाणी एवढा फरक पडतो. परत फोन लावला तर मावशी रानात गेलेली.

म्हणून मग यूट्यूब. तिथं एक अमेरिकेतल्या बाई होत्या, फार गोड बोलत होत्या. त्यांच्याकडं वाकळीच्या मधोमध पातळ गादीसारखा तयार थर घालतात, कापसाचा नाहीतर पॉलिएस्टरचा, आणि त्या पाकिटावरच छापलेलं असतं की टाक्यांच्या दोन रांगांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल. कापसाचा असला तर जवळ जवळ शिवायचं, नाहीतर धुतल्यावर आतल्या आत सरकून गोळे होतात. पॉलिएस्टर असला तर जरा लांब चालतं. फार दाट शिवलं तर वाकळ आखडते आणि ताठ होते, अंगाशी येत नाही. एका ठिकाणी दाट आणि दुसरीकडं पातळ केलं तर कडा झालरीसारख्या लाटा मारतात. सगळं पटलं. फक्त माझ्याकडं पाकीट नव्हतं, माझ्याकडं साड्या होत्या, आणि त्यातल्या एकीवरही काही छापलेलं नव्हतं, एका लुगड्याच्या पदरावर दुकानाचा पुसट शिक्का सोडला तर.

शिवाय त्या बाई म्हणतात मधनं सुरू करून बाहेर जा, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. मावशी म्हणते काठापासनं सुरू कर आणि आत आत फेरे घालत मधी ये. आमच्या पतसंस्थेत एक मॅडम आहेत जतच्या, घरात कन्नड बोलतात, त्यांच्याकडं वाकळीला कौदी म्हणतात. त्यांनी सांगितलं, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका पण काठापासनंच आत येतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात, त्या फुलांशिवाय वाकळ म्हणजे नागडी. मी घरी येऊन आमच्या वाकळीच्या कोपऱ्यांकडं बघितलं. वरवंटा, कुकर, डंबेल, गाईड. निदान नागडी तरी नव्हती.

ह्या सगळ्यात पोराला उत्साह आला. अभ्यास सोडून दुसरं काहीही निघालं की त्याला उत्साह येतो. त्यानं टेप घेऊन वाकळ मोजली, 84 इंच बाय 60 इंच. म्हणाला, एक इंचावर एक रांग धरली तर 60 रांगा, म्हणजे 420 फूट, म्हणजे 128 मीटर शिवण. "आणि मावशी म्हणते तसे काठाकाठानं फेरे घातले तर?" तर म्हणाला, तेवढंच, क्षेत्रफळ भागिले अंतर, तू कशीही फिर. मग मला एक रांग घालायला लावली आणि मोबाईलवर टायमर लावून शेजारी बसला. सात फुटाला चाळीस मिनिटं लागली. इंचाला चार टाके धरून एका रांगेत 336 आणि सगळ्या वाकळीत 20,160 टाके. एक इंचाला चाळीस तास, अर्ध्या इंचाला ऐंशी, पाव इंचाला एकशे साठ. "आई, रोज तासभर दिलास तर पाव इंचाची वाकळ मे महिन्यात होईल." सांगलीत मे महिन्यात वाकळ घेऊन काय करायचं, ओली करून खिडकीला बांधायची?

त्या रविवारी पलूसकडनं दीर आले. त्यांचा ऊस आहे. दारातच चप्पल काढता काढता त्यांनी वाकळीकडं एकदा बघितलं, आणि मी फक्त "भावजी, अंतर किती ठेवू हेच कळेना" एवढंच म्हणलं, तर पाऊण तास सरीवर बोलले. "वैनी, पयली आमी तीन फुटी सरी सोडायचो. दाट ऊस, दिसायला लई भारी, पण आत ना ऊन ना वारा. पाच फुटी केली तवा ऊस जाड झाला आणि टनेज वाढलं. गर्दी करू नका." त्यांच्याबरोबर त्यांचे एक द्राक्षबागवाले मित्र आलेले, ते एवढा वेळ गप्प होते, ते चहा संपवून म्हणाले, "आमची नऊ बाय पाच." मी म्हणलं, फूट? ते म्हणाले, मग काय तर. नऊ फुटांवर एक रांग घातली असती तर माझ्या वाकळीत एकही रांग बसली नसती, पण पाहुण्यांना असं तोंडावर सांगता येत नाही.

मग मी दोन सॅम्पल केले. खरं म्हणजे हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं, पण पहिल्या दिवशी एवढी अक्कल असती तर हा लेखच झाला नसता. एकेक फुटाचे चौकोन, चारी थर घालून. एकाला अर्ध्या इंचावर रांगा, दुसऱ्याला तीन इंचावर. अर्ध्या इंचाचा चौकोन शिवून झाल्यावर मोजला तर साडेअकरा इंच भरला. आखडला होता आणि असा ताठ की भिंतीला टेकवून ठेवला तर उभा राहिला. दिसायला मात्र देखणा, टाक्यांच्या मधे कापड बारीक बारीक फुगून आलेलं, पाण्यावर वारा सुटल्यासारखं. तीन इंचाचा मऊसूत, पण धुवून पिळला आणि झटकला तर आतली साडी एका बाजूला गोळा झाली आणि दुसऱ्या बाजूला नुसतं वरचं आणि खालचं कापड एकमेकांची ओळख नसल्यासारखं. शिवाय घाईत टाके पण लांब लांब घातलेले, त्यात माझं जोडवं अडकलं. रांगा एकमेकींपासनं किती लांब आणि टाका किती लांब ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी पायाच्या बोटानं शिकवलं.

अर्ध्या इंचाचा चौकोन आता कुकर उतरवायला वापरतो. फार उत्तम चालतो.

मधल्या काळात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सुचवलं की एवढं काय, टेलरकडं दे, तासाभरात मशीन मारून देतो. दिली. अख्खी वाकळ गुंडाळून मशीनच्या हाताखालनं जाईना. तिसऱ्या रांगेला, जिथं चार चौकोनांची शिवण एकत्र येते तिथं, कट्ट करून सुई तुटली. टेलर म्हणाले, "ताई, ही वाकळ आहे का रस्ता?" त्यांनी पैसे घेतले नाहीत. घरी आणून त्या तीन रांगा मी उसवल्या, त्याला एक संध्याकाळ गेली.

बाराव्या दिवशी मावशी स्वतःच आली. मिरजेला डोळे दाखवायचे होते म्हणून. आली, पाणी प्यायली, वाकळीकडं बघितलं आणि म्हणाली, "अजून हितंच?" मी पोराचा हिशोब दाखवला, सॅम्पल दाखवले, टेलरची हकीकत सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुज्या सासूची वाकळ कुटं हाय?"

ती वाकळ दिवाणात होती. सासूबाईंचं घर गावभागात. ऑगस्ट 2019 च्या पुरात ते घर पाण्यात गेलं, पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा कापसाच्या गाद्या फुगून एवढ्या जड झालेल्या की चौघांनी ओढून रस्त्यावर टाकाव्या लागल्या. वाकळ मात्र मी आणि जाऊबाईंनी दोन टोकांना धरून पिळली, पाच पाण्यानं धुतली, गच्चीवर वाळवली, आणि नंतर ती पहिल्यासारखीच. रंग गेला, आतलं काही हललं नाही. ती मी त्यानंतर वापरायचं म्हणून कधी काढलीच नव्हती, दिवाणात नुसती जपून ठेवलेली.

मावशीनं ती मांडीवर घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून बोटांनी वाचायला सुरुवात केली. मला म्हणाली, हात लाव. रांगा एकमेकींपासनं बोटभरच होत्या, रुंदीनं. पण माझ्या बोटाच्या रुंदीनं नाही. मावशीनं स्वतःचं अंगठ्याशेजारचं बोट दोन रांगांच्या मधे ठेवलं तर बरोब्बर बसलं. रानात राबलेलं जाड बोट, पाऊण इंचाचं. माझं, कीबोर्ड बडवणारं, अर्ध्याचं. म्हणजे अकरा दिवस मी माप बरोबर धरून बसले होते, बोट चुकीचं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली. फेरे काठापासनं आत येताना सगळे नीट, एकसारखे, आणि मग एका कोपऱ्याजवळ अचानक तीन-चार फेरे दोन-दोन बोटांवर गेलेले. टाके पण लांब. मग पुढं परत पहिल्यासारखे. मी विचारलं, इथं काय झालं? मावशी म्हणाली, "काय म्हाईत. कुणाचं लगीन निगालं आसंल. न्हायतर भुईमूग काडणीला आला आसंल." ह्यांना विचारलं, ही वाकळ आईनं कधी शिवली? तर म्हणाले, मी लहान होतो. ह्यांना आपल्या आईबद्दल काहीही विचारलं की हे लहान असतात.

मग मावशी खाली बसली. पोराला म्हणाली, "मला सुईत दोरा ववाय दिसत न्हाय, तेवडं करून दे." त्यानं दहा सुया ओवून सोफ्याच्या हातावर ओळीनं टोचून ठेवल्या. तिनं एक घेतली, दोरा मेणावर ओढला, काठाचं कापड आत दुमडलं आणि निघाली. खूण नाही, पट्टी नाही, खडू नाही. डाव्या हाताचं बोट कापडाच्या खाली, सुईचं टोक खालनं त्या बोटाला लागलं की वर, परत लागलं की वर, चार टाके सुईवर गोळा झाले की एकदाच ओढायचे. टोचत नाही का विचारलं तर तिनं बोट दाखवलं, टोकाला कातडं जाड होऊन बारीक घट्टे पडलेले, सुईला कुठनं आत जावं ते कळू नये असं. वर माझ्याशी कुणाच्या सुनेचं काय झालं ते बोलणं चालूच. चार चौकोनांची शिवण आली की सुई जरा तिरकी करून बाजूनं काढायची, जिथं टेलरची तुटली तिथं हिची नुसती वळली.

मुक्कामात तिनं तीन फेरे घातले. चौथा मला घालायला लावला आणि निघताना बघून म्हणाली, "हं." मावशीचं हं म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत फर्स्ट क्लास. सुया गोळा केल्या तर नऊच सापडल्या, दहावी ह्यांना सापडली.

त्यानंतर मी रोज नेमानं बसायचे. पोरानं नवीन हिशोब करून दिला, पाऊण इंचाला चौपन्न तास. म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत व्हायला पाहिजे होती. आमची थंडी तोवर टिकली असती. पण मग हळदीकुंकू आलं, कुणाची बारशी आली, पोराची प्रॅक्टिकल आली, आणि फेब्रुवारी गेला तरी मी आपली बाराव्या फेऱ्यात. थंडी गेली. वाकळ मांडीवर घेऊन बसलं की पाय घामेजायचे. तरी बसायचे, कारण आता हॉलमध्ये घडी घालून ठेवलेल्या त्या गाठोड्याकडं बघून हे सकाळी पेपर वाचताना काही न बोलता नुसता उसासा सोडायचे.

एप्रिलमध्ये झाली एकदाची. मधोमध शेवटची चिंचोळी पट्टी उरते, तिथं दोरा आतल्या थरात लपवून तोडायचा. तोडला. गच्चीवर नेऊन झटकली, आतलं जागचं हललं नाही. अंगावर घेऊन बघितली, अंगाशी आली. कडांना कुठंही लाट नाही.

गेल्या आठवड्यात दीर आले. वाकळ दिवाणावर पसरलेलीच होती. त्यांनी जवळ जाऊन, वाकून, सगळीकडनं हात फिरवून बघितलं, ऊस बघतात तसं. खिडकीकडच्या बाजूला येऊन थांबले. तिथं चार फेरे दोन-दोन बोटांवर गेलेत आणि टाके एवढे लांब की जोडवं काय, किल्ली अडकेल.

"वैनी, बाकी सगळी सरी एकसारकी सोडलीय, मग हितंच का हो एवडं अंतर?"

"तिथं मार्च एंड आला, भावजी."