दारावर लिहिलेला ट्रेक

पुण्यातल्या आमच्या डोंगरवेड्यांच्या संस्थेला यंदा २५ वर्षं पूर्ण होतायत. स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्या मुखपृष्ठावर ‘२५ वर्षांचे ट्रेक’ छापायचं की ‘२५ वर्षांची दुर्गभ्रमंती’, यावरून तीन आठवडे जुंपली आहे. ‘ट्रेक’ हद्दपार करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा साहेबाचा शब्द. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, २०२४ साली मराठीला अभिजात दर्जाही मिळाला, आणि त्याच महाराजांच्या गडांवर आपण परक्या शब्दाचं बोट धरून चढतो, याची लाज वाटायला हवी. हे लिहिणारे आमचे दादा, मला घसाऱ्यावरून उतरायला शिकवलं ते यांनीच. मी ‘ट्रेक’च्या बाजूनं मत दिलं तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं, “तू तिकडे बसून सांगू नकोस गं.”

तेव्हापासून मी धुमसते आहे. शब्दासाठी धुमसते आहे असं मी स्वतःला सांगते.

साहेबाचा शब्द? मी चौदा वर्षं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये राहते आणि इथे तो दारांवर लिहिलेला असतो. दुकानाचं दार, दवाखान्याचं दार, ग्रंथालयाचं दार: एका बाजूला ‘दूवन’, दुसऱ्या बाजूला ‘ट्रेकन’. ट्रेकन म्हणजे ओढा. मुळात डच असलेल्या या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. धुराडं धूर नीट ओढतं, ते ट्रेकन. कपात पिशवी सोडल्यावर चहाचा रंग उतरेपर्यंत थांबायचं, तेही ट्रेकन. शेजारची आजी घड्याळात बघून म्हणते, अजून ट्रेक होऊ दे. मार्च-एप्रिलमध्ये कराचा फॉर्म भरताना घराच्या कर्जाचं व्याज वजा करतो, त्या वजावटीला ‘आफट्रेक’. स्टेशनवर गाडी सुटायची वेळ जिथे लिहिलेली असते तिथे ‘फरट्रेक’. (आमच्या शहराच्या नावातला ‘ट्रेख्त’ मात्र यातला नव्हे. तो लॅटिनमधून आला, नदी ओलांडायची जागा या अर्थानं. मीही पहिली दोन वर्षं फसले होते.)

गंमत म्हणजे या देशात ओढून नेण्याचा प्रवास खडतर नव्हताच. १६३२ साली ॲमस्टरडॅम आणि हार्लेमच्या दरम्यान कालव्यातून होड्या धावू लागल्या. काठावरच्या वाटेनं घोडा चालायचा, त्याच्या दोराला होडी बांधलेली, आत माणसं कोरडी बसलेली, आणि सुटायच्या वेळा ठरलेल्या. या होडीचं नाव ‘ट्रेकस्खाउट’. शब्दाला घाम लागला तो दक्षिण आफ्रिकेत. केप वसाहत इंग्रजांच्या हातात गेली, १८३४ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली, सीमेवरच्या लढाया आणि जमिनीची हाव होतीच. मग १८३५ पासून डच बोलणारे हजारो शेतकरी बिऱ्हाड गाड्यांत भरून उत्तरेला आणि पूर्वेला निघाले. एकेका गाडीला चौदा-सोळा बैल. ड्राकेन्सबर्ग डोंगररांगेचे उतार उतरताना मागची चाकं काढून गाडीखाली झाडाच्या फांद्या बांधायचे, म्हणजे गाडी घसरत पण सांभाळून खाली यायची. बैलांनी गाडी ओढली तो ट्रेक, एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची मजल तोही ट्रेक, आणि पुढे त्या सगळ्या स्थलांतरालाच ‘मोठा ट्रेक’ म्हणू लागले. इंग्रजांनी हा शब्द तिथून उचलला. म्हणजे ज्या साहेबाच्या माथी आपण तो मारतो, त्याच्या राज्याला कंटाळून निघालेल्या लोकांचा तो शब्द आहे.

ते लोक संत होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या गाड्या रिकाम्या रानातून गेल्या नाहीत, दुसऱ्यांच्या जमिनींवरून गेल्या. १६ डिसेंबर १८३८ ला एका नदीकाठच्या लढाईत तिथल्या झुलू लोकांतले हजारो मारले गेले, त्या नदीला ‘रक्तनदी’ म्हणतात. दादांनी हा मुद्दा काढला असता तर मी गप्प बसले असते. त्यांनी तो काढला नाही. त्यांनी फक्त ‘परका’ म्हटलं.

पुढचा टप्पा आपल्या शेजारचा. १९६४ मध्ये जिमी रॉबर्ट्स या गुरखा पलटणीतल्या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यानं काठमांडूत पाहुण्यांना हिमालयात पायी हिंडवणारी कंपनी काढली, आणि बैल, गाडी, बिऱ्हाड सगळं गळून ट्रेक म्हणजे पाठीवर सॅक घेऊन डोंगरात चालणं, असा अर्थ रुळला. तो आमच्यापर्यंत आला तेव्हा तो कुणाचा हे विचारायला आम्हाला फुरसत नव्हती. कात्रजहून रात्री निघून टेकड्या मोजत सकाळी सिंहगड गाठायचा, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जायचं, पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे भर पावसात चिखल तुडवायचा. या सगळ्याला एकच शब्द होता आणि तो आम्ही कमावला होता.

आणि शुद्धच व्हायचं तर मग कुठवर? दादा, किल्ला अरबी आहे. मोहीम अरबी, मुक्काम अरबी, सफर अरबी. मजल दरमजल करत जातो ती मजलही अरबी ‘मंजिल’. दरवाजा फारसी. बालेकिल्ल्यातला ‘बाला’ फारसी आणि किल्ला पुन्हा अरबी, आणि तरी राजगडाच्या बालेकिल्ल्याला हात जोडताना आपल्यापैकी कुणाला परकं वाटलं नाही. राज्यव्यवहारकोश माझ्याही अभिमानाचा आहे. पण तो राज्यकारभारासाठी होता. गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी मागणाऱ्याच्या तोंडावर तो पहारा नव्हता.

इथे जुलैत नायमेखनला चार दिवसांची चाल असते. १९०९ पासून चालू आहे, चाळीस हजारांवर माणसं रोज तीस, चाळीस, पन्नास किलोमीटर चालतात, शेवटच्या दिवशी लोक त्यांच्या हातात ग्लॅडिओलसची फुलं देतात. पाय फोडांनी भरतात आणि कुणी कुणाला ‘हे कोणत्या भाषेत चालतोयस’ असं विचारत नाही. विद्यापीठांत इंग्रजी किती असावं यावर इथेही वाद होतो, ते खरं. पण चालण्यावर होत नाही. आणि वाटेवर पडलेली बाटली माणूस उचलून खिशात घालतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सुट्टीच्या रात्री तंबूंची जी जत्रा भरते आणि सकाळी जो कचरा मागे राहतो, त्यावर आपल्या गटात तीन आठवड्यांत एकही ओळ आली नाही. मला ही गोष्ट शब्दापेक्षा जास्त लागते.

आपल्याकडे शब्द नाहीत असंही नाही. पायपीट आहे, वणवण आहे, हेलपाटा आहे. ‘यातायात’ तर बघा. हिंदीत ती रस्त्यावरची रहदारी, मराठीत मात्र जिवाची दगदग. मूळ अर्थ फक्त जाणं-येणं. मराठी माणसानं त्या जाण्या-येण्यात सोसलेलं सगळं शब्दात भरलं. इंग्रजीतला ‘ट्रॅव्हल’ही फ्रेंचमधल्या कष्टाच्या शब्दातूनच आला आहे.

पण मला रात्री जागं ठेवलं ते ‘प्रवास’नं. प्र आणि वस्. वस् म्हणजे राहणं. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून दूर राहणं. जुन्या काव्यातली प्रोषितभर्तृका, तिचा नवरा असाच दूर राहिलेला असतो. प्रोषित हा शब्द त्याच धातूचा. म्हणजे मी उट्रेख्तला पोचले त्या दिवशी माझा प्रवास संपला नाही, सुरू झाला. चौदा वर्षं इथे भाडं भरलं, मग कर्ज काढलं, मुलीला इथल्या शाळेत घातलं, सायकलचं पंक्चर काढायला शिकले, ते सगळं प्रवासातच मोडतं.

आता खरं सांगते. गेल्या डिसेंबरात आपण राजगडावर होतो. गुंजवण्यातून चढताना कुणीतरी माझी सॅक न विचारता उचलली. वर पद्मावती माचीवर सगळे टाक्यातलं पाणी प्यायले आणि माझ्या हातात विकतची बाटली आली. “हिला टाक्यातलं नको रे, पोट बिघडेल हिचं.” प्रेमानंच म्हटलं होतं. मी हसले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. संजीवनी माचीपर्यंत कुणाशी बोलले नाही, ते तुम्हाला दम लागल्यासारखं वाटलं असेल. ज्या टाक्यातलं पाणी मी एकोणिसाव्या वर्षापासून प्यायले, त्याला मी परकी झाले. तुम्ही ‘ट्रेक’ला परका म्हणालात तेव्हा मला ती बाटली आठवली.

डच माणूस म्हणतो, मला अमुक गोष्टीचा ट्रेक आहे, म्हणजे ती खावीशी वाटते आहे. ओढणं आणि हवंसं वाटणं एकाच शब्दात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकले, कारण आपली ‘ओढ’ तीच आहे. दोर ओढतो तीही ओढ आणि घराची लागते तीही. गोठ्यात न टिकणारं जनावर ओढाळ. अडचणीतलं घर ओढग्रस्त. शरद ऋतूत रानहंसांचे थवे आमच्या शेतांवर उतरतात, त्यांना इथे ‘ट्रेकफोखल’ म्हणतात, स्थलांतर करणारे पक्षी. मी ते नाव मनात मराठीत वाचते: ओढीचे पक्षी. मला वाटतं स्मरणिकेचं नाव ‘ओढ’ ठेवावं. दोन्ही बाजू त्यात मावतात आणि मीही.

हे सगळं मी दादांना लिहिलं, सॅकचं आणि बाटलीचंही. दोन दिवस काही आलं नाही. काल सकाळी, इथे उजाडायच्या आत, त्यांचा निरोप आला.

“अगं, जूनपासून पावसानं ओढ दिलीय, टाकी तळाला गेलीत. मुखपृष्ठाचं बघू. डिसेंबरात येतेयस ना? राजगडाच्या अळू दरवाजातून निघून तोरणा गाठू. सॅक तुझी तूच घ्यायचीस.”