आपल्यात कसला व्यवहार!

घर विकत घ्यायचेच असेल तर ते मित्राचे घ्यावे. परक्या माणसाकडून घर घेतले तर फक्त घर मिळते. मित्राकडून घेतले तर पुढची वीस वर्षे पुरेल इतका विषयही मिळतो. शिवाय परक्या माणसाशी घासाघीस करण्यात एक मोठी गैरसोय असते, ती म्हणजे तो आपल्याला काय हवे ते सरळ सांगून टाकतो. मित्र असे करत नाही. तो "तुला काय द्यायचे ते दे" एवढेच म्हणतो, आणि तुम्ही जे देता त्याचा मनातल्या मनात आयुष्यभर हिशेब करत राहतो. तेव्हा मैत्रीला धक्का न लावता हा व्यवहार कसा पार पाडावा, याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी येथे सांगतो. त्या मी एक मित्र खर्ची घालून मिळवल्या आहेत, त्यामुळे वाचकांनी त्या फुकटच्या समजू नयेत.

सर्वांत कडक पथ्य किमतीचे आहे. आकडा कोणीही आधी उच्चारू नये. जुन्या सहलींच्या आठवणी काढाव्यात, घरात येणाऱ्या उजेडाचे कौतुक करावे (हे कौतुक पुढे महागात पडते, पण त्याला इलाज नाही), आणि उठता उठता "मग त्याचे बघू आपण" असे म्हणून चपला पायात सरकवाव्यात. त्या 'त्याचे'मध्ये तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम दडलेली आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि म्हणूनच तिचे नाव काढणे असभ्यपणाचे ठरते. या मौनाला संशोधनाचाही आधार काढून दाखवता येतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, घरांच्या व्यवहारात मुरलेल्या दलालांना एकच घर दाखवले आणि त्याची एकच माहिती हाती दिली. फक्त मालकाने मागितलेली किंमत निरनिराळ्या दलालांना निरनिराळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला होता त्यांनी घराचे मोल जास्त केले, ज्यांना लहान सांगितला होता त्यांनी कमी केले, आणि त्या आकड्याने आपण हललो हे कबूल करायला मात्र त्यातले बहुतेक जण तयार नव्हते. रोज घरे विकणाऱ्यांची ही कथा, तर तुम्ही आम्ही मित्राच्या तोंडून आकडा ऐकण्याचा धोका का पत्करावा? त्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

गप्प बसल्यामुळे आकडे नाहीसे होत नाहीत, ते फक्त मनात शिजत राहतात. मित्राने आसपासच्या घरांपैकी जे सर्वांत महाग विकले गेले त्याची किंमत धरलेली असते, तुम्ही जे सर्वांत स्वस्त गेले त्याची. दोघेही मैत्रीला हिशेबात घेतात, यात शंका नाही. तुमच्या मते मित्र आहे म्हणून तो कमी घेईल. त्याच्या मते मित्र आहात म्हणून तुम्ही घासाघीस करणार नाही. एकाच मैत्रीचे दोघांनी परस्परविरुद्ध दिशांना पैसे केलेले असतात आणि दोघांनाही आपला आकडाच उदार वाटत असतो.

काही रुक्ष माणसे या टप्प्यावर एक नीरस उपाय सुचवतात. दोघांनी आपापल्या पसंतीचा एकेक मूल्यांकनकार नेमावा, दोन्ही आकड्यांची सरासरी काढावी, ती मान्य करायची हे आकडे हाती येण्यापूर्वीच ठरवावे, आणि महिनाभरात जमले नाही तर विषय सोडून पूर्वीसारखे गप्पा मारायला बसावे. हा मार्ग चुकूनही पत्करू नये. त्यात रुसायला जागाच राहत नाही. दोष द्यायचाच झाला तर तो मूल्यांकनकाराला द्यावा लागतो, आणि त्याच्याशी आपली मैत्री नसल्यामुळे त्या दोषाला काही खोली येत नाही.

मित्र जास्त किंमत धरून बसतो याला लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. मानसशास्त्रज्ञ काह्नमन, अर्थशास्त्रज्ञ थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक साधा मग देऊन टाकला, आणि मग ज्यांच्याकडे तो होता त्यांना विकण्याची व ज्यांच्याकडे नव्हता त्यांना घेण्याची किंमत विचारली. विकणाऱ्यांनी मागितलेली रक्कम घेणाऱ्यांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट निघाली. नुकत्याच हातात आलेल्या मगावर इतका जीव जडत असेल, तर ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली त्याची काय कथा! हे तुम्हाला माहीत असल्यामुळे तुम्ही त्याचा योग्य उपयोग करावा, म्हणजे मित्राला समजुतीच्या सुरात "भावनांचे पैसे बाजारात मिळत नाहीत रे" असे ऐकवावे. तो काही बोलणार नाही. मात्र त्या रात्री तो हे वाक्य घरात सांगेल, आणि त्यानंतर वहिनी तुम्हाला पूर्वीच्या नावाने हाक मारणार नाहीत.

वहिनींचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की प्रत्यक्ष बोलणे अवघड जाईल तेव्हा निरोप बायकांमार्फत पाठवावेत. तुमची बायको वहिनींना सहज म्हणून काही सांगते, वहिनी ते सहज म्हणून मित्राला सांगतात, आणि प्रत्येक सहजाबरोबर आकडा थोडा थोडा बदलत जातो. याचा लाभ असा, की पुढे भांडण झाले तर ते चार माणसांत समान वाटले जाते.

आता दलालीकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. मध्ये दलाल नाही, म्हणजे त्याची दलाली वाचली, हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत असते. ती कोणाची वाचली, एवढाच तपशील कोणी काढत नाही. तुम्ही ती पूर्ण रक्कम किमतीतून कमी होणार असे धरून चाललेले असता, कारण घर शोधण्याचे कष्ट तुम्ही घेतले (म्हणजे मित्राकडे जेवायला गेलात). मित्राने तीच पूर्ण रक्कम स्वतःच्या खिशात टाकलेली असते, कारण जाहिरात देऊन जास्त पैसे मोजणारा परका गाठण्याची संधी त्याने तुमच्यासाठी सोडली. अर्धी अर्धी वाटून घेऊ, हे वाक्य बोलायला फार तर तीन सेकंद लागतात. परंतु जो ते बोलेल त्याने आजवर दलालीचा विचार केला होता हे उघड होईल, आणि मित्रांमध्ये असला विचार केल्याचे उघड होणे हे तो करण्यापेक्षा वाईट असते. म्हणून दोघांनीही ती दलाली मनातल्या मनात पूर्ण वसूल करावी. दलाल मध्ये असता तर तो हे ओशाळवाणे आकडे दोन्हीकडे निर्लज्जपणे पोचवत राहिला असता, आणि त्याचे पैसे बहुधा याच कामाचे असतात, हे तुम्हाला कळेल. पण तोवर व्यवहार झालेला असेल.

घराच्या पाहणीबाबत मित्राकडून घेणाऱ्याला मोठाच फायदा असतो. परक्या खरेदीदाराला तज्ज्ञ नेऊन छपराची गळती, भिंतींतली ओल, नळजोडण्या आणि विजेच्या तारा तपासून घ्याव्या लागतात. तुम्हाला तसे करण्याची गरज नाही, किंबहुना तसे करणे म्हणजे मित्रावर अविश्वास दाखवणे होय. तुम्ही त्या घरात पंधरा वर्षे पाहुणे म्हणून राहिला आहात. वरच्या घरातली मंडळी रात्री बारानंतर फर्निचर सरकवतात हे त्याने एकदा वैतागून फक्त तुम्हाला सांगितले होते. पावसाळ्यात मागच्या खोलीतले कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढायला तुम्हीच त्याला मदत केली होती. हे सगळे तुमच्याजवळ विश्वासाने ठेवलेले भांडवल आहे, आणि ते बाहेर काढण्याची हीच वेळ आहे.

न्हाणीघराच्या कडीचेच घ्या. ती कडी सरळ ओढून उघडत नाही. अंगठ्याने थोडी वर उचलायची, दार खांद्याने आत दाबायचे आणि मग ओढायची. नवा पाहुणा आत अडकला की बाहेरून सगळे घर एका सुरात "उचल, उचल आणि दाब!" असे ओरडते. तुम्हाला हे शिकवावे लागत नाही, आणि या घरातले एक असण्याची ती तुमची खूण होती. आता मात्र तुम्ही तीच कडी हातात धरून, दार दोनदा उघडून मिटून, किंचित कपाळाला आठ्या घालाव्यात आणि म्हणावे, "चौकटच बसली आहे. हा खर्च धरावा लागेल." हे बोलताना मित्राच्या तोंडाकडे पाहू नये. मी पाहिले होते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगायचे तर ती मागूच नयेत. घर त्याचेच आहे हे तुम्ही इतकी वर्षे पाहत आला आहात. मालकीच्या कागदावर आणखी कोणाचे नाव आहे का, घरावर कर्जाचा बोजा उरला आहे का, हे वकिलाकडून तपासून घेणे म्हणजे त्याला चोर ठरवणे. त्याच्या बहिणीचे नावही कागदावर आहे, तिची सही लागणार आहे आणि तिला हा भाव पसंत नाही, ही माहिती इसाराची रक्कम देऊन झाल्यावर कळली तरी चालते. दोघांत मिळून एकच वकील केला तर आणखी उत्तम, कारण तो नेमका कोणाचा वकील आहे हा प्रश्न वाद सुरू होईपर्यंत कोणाला पडत नाही.

लिहून ठेवण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. इंग्लंडच्या संसदेने १६७७ मध्ये कायदा करून असे ठरवले, की जमीनजुमल्याच्या विक्रीचा करार लेखी आणि सहीचा नसेल तर त्यासाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. कारण तोंडी कराराच्या नावाखाली खोट्या शपथा घेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. उघडच आहे की त्या लोकांना चांगले मित्र नव्हते. तुम्ही मात्र पंखे, पडद्यांचे दांडे आणि भिंतीतली कपाटे घराबरोबर येणार की नाहीत, ताबा कोणत्या तारखेला मिळणार, आणि "सामान हलवेपर्यंत थोडे दिवस राहतो" यातले थोडे म्हणजे किती, हे सर्व समजुतीवर सोडावे. समजूत ही वस्तू दोघांकडे असते, फक्त ती वेगवेगळी असते.

तोंडी शब्दाचे सामर्थ्य मोठे आहे, याला प्राचीन दाखलाही आहे. बौद्ध कथेप्रमाणे श्रावस्ती नगरीच्या अनाथपिंडिक नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनाढ्य व्यापाऱ्याने, जेत नावाच्या राजपुत्राकडे त्याचे उद्यान मागितले, तेव्हा सगळी जमीन नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, अशा अर्थाचे काही जेत बोलून गेला. श्रेष्ठीने त्यालाच भाव मानले. प्रकरण न्यायाधिकाऱ्यांकडे गेले, आणि किंमत उच्चारली म्हणजे सौदा झाला असा निर्णय मिळाला. गाड्या भरभरून नाणी आली आणि जमिनीवर अंथरली गेली. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर कोरलेला तो प्रसंग आजही कोलकात्याच्या संग्रहालयात पाहता येतो. तेव्हा मित्र कधी हसण्याच्या भरात "अमुक दे आणि उद्यापासून तूच राहा" असे म्हणाला असेल, तर ते वाक्य, तो दिवस आणि तेथे हजर असलेली माणसे लक्षात ठेवावीत आणि बोलणी अडली की ती सर्व क्रमाने सांगावीत. गोष्टीत पुढे नाणी अपुरी पडली तेव्हा उरलेला तुकडा जेताने आपण होऊन देऊन टाकला, असेही आहे. परंतु एवढा भाग तुमचा मित्र ऐकून घेईल असे वाटत नाही.

सगळे यथासांग पार पडले आणि ताबा मिळाला, की सवड काढून एक छोटी यादी करावी. बदललेला नळ, ओल आलेल्या भिंतीची दुरुस्ती, उतरवून नेलेले दोन दिवे, कडी दुरुस्त करणाऱ्या सुताराची मजुरी. ती मित्राला पाठवावी आणि खाली "घाई नाही, सवडीने दे" असे आपुलकीने लिहावे. तो सगळी रक्कम त्याच दिवशी पाठवून देईल, वर एक शब्दही न लिहिता. याचा अर्थ त्याने मनाला लावून घेतले नाही, असा करावा.

मग त्याला जेवायला बोलवावे. तो येईल. एकटाच येईल, वहिनींना जरा बरे नसेल. दारात उभा राहून घंटी वाजवील आणि तुम्ही "ये" म्हणेपर्यंत उंबरठ्याबाहेर थांबेल. उजेडाविषयी तुमच्याइतकेच छान बोलेल. हात धुवायला म्हणून न्हाणीघरात जाईल, दार लावून घेईल, आणि थोड्या वेळाने आतून अंगठ्याने कडी वर उचलल्याचा, मग दार खांद्याने दाबल्याचा आवाज येईल. दार उघडणार नाही. अशा वेळी तुम्ही बाहेरून शांतपणे सांगावे, "नुसती ओढ. आता उचलावी लागत नाही."