"ते येतंच हो, ओके करायचं"

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एका हॉस्पिटलच्या उद्घाटनाचा व्हिडिओ आला. फीत, समई, पेढे आणि मागे भलामोठा फ्लेक्स: 'संपूर्ण पेपरलेस. आता चुकीला वावच नाही.' ते दुसरं वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं.

कारण गेल्याच महिन्यात एका वॉर्डात (कुठल्या ते राहू द्या) सिस्टर संध्याकाळच्या औषधांची नोंद करत होत्या. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर इशाऱ्याची लाल चौकट. ओके. पुन्हा लाल. ओके. चार पेशंटमध्ये अकरा वेळा. काय लिहिलंय त्यात, असं विचारल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "ते येतंच हो, ओके करायचं." नीट पाहिलं तर एक चौकट कालच बंद झालेलं औषध अजून चालू धरून 'डुप्लिकेट' म्हणत होती. दुसरी, पॅरासिटॅमॉल गोळीनेही आहे आणि शिरेतूनही, म्हणून. गोळी लागली तरच द्यायची होती, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? अकरापैकी कामाची एकही नव्हती. मग बारावी कामाची आली तर ती कशी ओळखायची?

ही बारावी चौकट २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ हॉस्पिटलमध्ये आली होती. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. सेप्ट्रा या अँटिबायोटिकची एक गोळी, म्हणजे १६० मिलिग्रॅम, द्यायची. चाळीस किलोच्या आतल्या मुलांना डोस वजनावरच टाकायचा, हा तिथला नियम. हिशोब १९३ आला, तेवढ्याची गोळी नाही, म्हणून फार्मासिस्टने कळवलं: १६० करा. डॉक्टरने १६० टाकलं, पण शेजारचं एकक 'मिलिग्रॅम प्रति किलो' तसंच राहिलं. १६० गुणिले ३८.६. साडेअडतीस गोळ्या! इशारा आला, डॉक्टरने ओके केलं. फार्मासिस्टला आला, त्यानेही ओके केलं. पुढे यंत्रमानवाने गोळ्या न चुकता मोजून पाकिटं भरली. सिस्टरला शंका आली होती. पण बारकोड स्कॅन केला तर स्क्रीन म्हणाला, बरोबर. मुलाला मोठी फिट आली. वाचला, नशीब.

बारकोडने काही खोटं सांगितलं नव्हतं. ऑर्डर आणि पाकीट जुळतंय का, एवढंच तो बघतो. ऑर्डरच येडपट असली तर तो तिला इमानाने जुळवून देतो. आणि डोस थोडासा जास्त असल्याचा इशारा आणि साडेअडतीसपट असल्याचा इशारा, दोन्ही दिसायला जवळपास सारखेच होते. सगळंच लाल असेल तर लालला अर्थ काय उरला?

हे अमेरिकेतलं, आपल्याकडे नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी घरचा हिशोब. दहा किलोचं मूल, ताप. किलोला १५ म्हणजे १५० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल. पाच मिलीत १२५ चं सिरप असेल तर ६ मिली. ड्रॉप्स १ मिलीत १०० चे, ते दीड मिली. कॉम्प्युटरच्या यादीत ड्रॉप्स आणि सिरप एकाखाली एक. बोट एक ओळ वर पडलं आणि '६ मिली' तसंच राहिलं, की बाळाला एका वेळी ६०० मिलिग्रॅम. दर सहा तासांनी दिलं तर दिवसाचे २४००, किलोला २४०. यकृत धोक्यात यायला तेवढं पुरतं. हातचिठ्ठीवर निदान 'सिरप' हा शब्द लिहावा लागायचा. आणि वजनाच्या रकान्यात टिंब राहिलं तर ९.५ चे ९५ होतात, मग हा सगळा हिशोब 'सुरक्षित' म्हणून हिरवा दिसतो.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. मिलीशेजारी त्याचे मिलिग्रॅम आणि प्रति किलो किती, हे ठळक दिसलं पाहिजे. मुलाचं आजचं वजन भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकता कामा नये. चौपट डोसवर ओकेचं बटणच नको. बदल्यात ते फालतू डुप्लिकेटचे इशारे काढून टाका. पण तसं करायला कोणीतरी महिन्याला बसून कोणते इशारे किती वेळा धुडकावले गेले ते मोजायला हवं. आपल्याकडे हे काम कोणाच्या नावावर आहे? आयटीवाले म्हणतात मेडिकलचं. मेडिकलवाले म्हणतात व्हेंडरचं, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्याचं.

ह्यूस्टनचे डॉ. हरदीप सिंग वर्षानुवर्षं हेच उकरत आहेत. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधला त्यांचा २००९ चा अभ्यास बघा. एक्स-रे, स्कॅनमध्ये काही गडबड दिसली म्हणून डॉक्टरांना कॉम्प्युटरवर १,१९६ सूचना गेल्या. त्यातल्या २१७ ची पोच मिळाली नाही. ९२ सूचनांच्या बाबतीत वेळेत पुढचं काहीच झालं नाही. आणि एकाऐवजी दोन डॉक्टरांना सूचना गेली, तेव्हा पाठपुरावा राहून जाण्याची शक्यता वाढली. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय. आपल्याकडे रिपोर्ट 'सिस्टिममध्ये टाकलाय' म्हणतात आणि हात झटकतात. पेशंट डिस्चार्ज घेऊन गावी गेला, रेसिडेंट डॉक्टरची पोस्टिंग बदलली, रिपोर्ट सिस्टिममध्ये सुखरूप.

बरं, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचं मला प्रेम नाही. बोस्टनमध्ये डेव्हिड बेट्स या डॉक्टर-संशोधकाने १९९८ मध्येच दाखवलं की कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकायला लागल्यापासून औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. मान्य. पण २००५ मध्ये पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमधून उलटा अहवाल आला: नवी सिस्टिम बसल्यावर, बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधले मृत्यू २.८० टक्क्यांवरून ६.५७ वर. आधी अँब्युलन्स वाटेत असतानाच औषधं तयार ठेवता यायची. आता मूल पोचून नोंद झाल्याशिवाय ऑर्डरच पडत नव्हती. सिएटलमध्ये तेच सॉफ्टवेअर बसलं, तिथे मृत्यू वाढले नाहीत. म्हणजे दोष नुसत्या सॉफ्टवेअरचा नव्हता, ते कसं बसवलं त्याचाही होता. फ्लेक्सवर हे लिहा की.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण पुन्हा त्या सिस्टर आठवल्या. दोघीजणींत अठरा खाटा. उद्या त्यांच्या हातून ती बारावी चौकट ओके झाली, तर चौकशीत पहिला प्रश्न असेल, "इशारा आला होता ना? मग?" लॉगमध्ये त्यांचं नाव, तारीख, वेळ, सेकंदासकट. आधीच्या अकरा कोणी का दाखवल्या, हे त्या लॉगमध्ये कुठेच नसतं.

तर जे हॉस्पिटलमध्ये आहेत त्यांच्यासाठी एक काम. आयटीकडून ट्रेनिंगचा खोटा पेशंट उघडून घ्या. खऱ्या पेशंटवर हे करू नका. वजन १० किलो. पॅरासिटॅमॉल ड्रॉप्स, ६ मिली, दर सहा तासांनी. सेव्ह करा. सिस्टिम अडवते, नुसती लाल होते, की काहीच म्हणत नाही, ते खाली लिहा. हॉस्पिटलचं नाव नको.