गुप्त अल्गोरिदम आणि ‘अभेद्य’ नेटवर्कचा गैरसमज

संरक्षण दलांच्या दळणवळणाविषयी एक मजकूर व्हॉट्सॲपच्या गटांतून वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: “लष्कराच्या नेटवर्कला हॅकिंगची भीती नसते, कारण त्याचा एन्क्रिप्शन अल्गोरिदम गुप्त असतो, बँकांसारखा जगजाहीर नसतो. तो स्वदेशी असला की परक्यांचा शिरकावच संपला. शिवाय ते नेटवर्क इंटरनेटला जोडलेले नसते, तारा जमिनीखालून गेलेल्या असतात आणि किल्ली 256 बिटांची असते, त्यामुळे संदेश शत्रूच्या हाती पडला तरी त्याला काही कळत नाही. पोलीस, वीज कंपन्या आणि बँकांनीही हेच करावे. एकदा बसवले की वीस वर्षे पाहायला नको.” यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते पटते. दूरसंचार नेटवर्कचे आराखडे करण्यात माझी बरीच वर्षे गेली. हीच वाक्ये निविदापूर्व बैठकांत जबाबदार माणसांच्या तोंडूनही ऐकली असल्यामुळे त्यांचा एकेक करून विचार करणे मला आवश्यक वाटते.

अल्गोरिदम, म्हणजे संदेश झाकण्याची (एन्क्रिप्शनची) ठरलेली रीत, गुप्त ठेवल्याने संदेश सुरक्षित राहतो, हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडलेला समज आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने 1883 मध्ये लष्करी संकेतलेखनावरील आपल्या फ्रेंच लेखात नेमके उलटे लिहून ठेवले होते: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये, गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली, म्हणजे ती रीत चालवण्यासाठी लागणारा आकडा. यामागे साधा व्यवहार आहे. यंत्र हजारो ठिकाणी जाते, दुरुस्तीला जाते, चोरीला जाते, लढाईत मागे राहते. त्याच्या पोटातला अल्गोरिदम आज ना उद्या बाहेर येणारच. किल्ली रोज बदलता येते, अल्गोरिदम तसा बदलता येत नाही.

युरोपातील टेट्रा या बिनतारी यंत्रणेचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. ‘एत्सी’ या युरोपीय मानक संस्थेने 1995 मध्ये आणलेले हे मानक जगभरातील पोलीस, अग्निशमन दले, विमानतळ, काही देशांची सैन्ये आणि वीज व रेल्वेसारख्या सेवा वापरतात, म्हणजे मुलकी आणि लष्करी वापर एकाच छत्राखाली आहे. त्यातील एन्क्रिप्शनचे अल्गोरिदम गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्या उत्पादकांनाच मिळत. ‘मिडनाइट ब्लू’ या नेदरलँड्समधील कंपनीच्या संशोधकांनी बाजारातून विकत घेतलेला एक टेट्रा रेडिओ उघडून ते अल्गोरिदम बाहेर काढले आणि जुलै 2023 मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले. टीईए-1 या प्रकारात 80 बिटांची म्हणून दिलेली किल्ली आतल्या आत 32 बिटांवर आणली जात होती. 32 बिट म्हणजे सुमारे 429 कोटी शक्यता. वाचताना आकडा प्रचंड वाटतो, पण साधा लॅपटॉप तेवढ्या किल्ल्या मिनिटभराच्या आसपास लावून पाहतो. गुप्ततेचा लाभ येथे कोणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. चोरून ऐकणाऱ्याला ही वाट आधीच ठाऊक असेल तर त्याचे काहीच बिघडत नव्हते. अंधारात होते ते रेडिओ विकत घेणारे पोलीस. नोव्हेंबर 2023 मध्ये एत्सीने हे अल्गोरिदम खुले करण्याचा निर्णय घेतला. जीएसएम मोबाइलमधील ए-5/1 आणि ए-5/2 हे अल्गोरिदमही असेच झाकून ठेवलेले होते आणि 1999 मध्ये संशोधकांनी ते उलगडले.

याच्या उलट वाट एईएस या एन्क्रिप्शन अल्गोरिदमची आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 1997 मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली, जगभरातल्या तज्ज्ञांना प्रवेशिका फोडून दाखवायला सांगितले आणि 2000 मध्ये दोन बेल्जियन संशोधकांची रचना निवडली. 2001 पासून तो प्रत्येकाला वाचता येणारा मानक दस्तऐवज आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 2003 मध्ये अतिगोपनीय माहितीसाठीही त्याच अल्गोरिदमच्या 192 आणि 256 बिटांच्या किल्ल्यांना मान्यता दिली. तेव्हा मजकुरात हिणवलेला बँकेचा ‘जगजाहीर’ अल्गोरिदम आणि लष्करी अल्गोरिदम हे बहुधा एकच असतात. ‘लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन’ हा शब्दप्रयोग जाहिरात खात्याचा आहे.

स्वदेशीच्या मुद्द्यावर मजकूर लिहिणाऱ्याशी माझे निम्मे मत जुळते. स्वित्झर्लंडच्या त्सुग येथील क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक दशके शंभराहून अधिक सरकारांना संकेतयंत्रे विकत होती. ती 1970 पासून अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तहेर संस्थांच्या गुप्त मालकीची होती, हे फेब्रुवारी 2020 मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मन व स्विस दूरचित्रवाहिन्यांनी उघडकीस आणले. ग्राहकांच्या यादीत भारत होता आणि पाकिस्तानही होता. पैसे मोजून, तटस्थ देशातून आणलेली यंत्रे मुद्दाम कमजोर केलेली होती. मात्र त्या ग्राहकांची खरी चूक परदेशी माल घेतला एवढीच नव्हती. आत काय आहे हे तपासण्याची सोय नसलेला बंद डबा त्यांनी घेतला होता. तोच बंद डबा उद्या देशात तयार झाला आणि त्याच्या तपासणीचा अधिकार बनवणाऱ्यालाच राहिला, तर केवळ पत्ता बदलेल. कुठे बनले यापेक्षा कोणी उघडून पाहिले, ही चौकशी जास्त कामाची आहे.

आता इंटरनेटपासून तोडलेल्या नेटवर्ककडे वळू. स्वतंत्र जाळे असणे नक्कीच चांगले. आपल्या तिन्ही दलांसाठी बीएसएनएलकडे सोपवलेला ‘नेटवर्क फॉर स्पेक्ट्रम’ हा स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचा प्रकल्प त्यासाठीच आहे. 2018 मध्ये त्याचा मंजूर खर्च 24,664 कोटी रुपयांवर गेला. परंतु तोडलेले म्हणजे दारच नसलेले, असे समजू नये. 2008 मध्ये मध्यपूर्वेतील एका अमेरिकी तळावरच्या लॅपटॉपला कोणीतरी पेनड्राइव्ह लावला आणि त्यातला किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, अमेरिकी सैन्याच्या गोपनीय नेटवर्कमध्ये पसरला. तत्कालीन संरक्षण उपमंत्र्यांनीच 2010 मध्ये हे मान्य केले. इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात शिरलेला स्टक्सनेट हा असाच किडाही इंटरनेटच्या तारेवरून आलेला नव्हता. वेगळे काढलेल्या नेटवर्कवर सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे, नकाशे भरायचे, अहवाल बाहेर काढायचे, तर काहीतरी हातात घेऊन आत-बाहेर करावेच लागते. ती ये-जा कोणत्या खिडकीतून, कोणाच्या सहीने आणि कोणत्या तपासणीनंतर होईल, हे आराखड्यात लिहिलेले नसेल, तर ते काम कोणाच्या तरी खिशातला पेनड्राइव्ह करतो.

शिवाय लष्कर आणि मुलकी व्यवस्था यांना एकमेकांपासून पूर्ण वेगळे काढताच येत नाही. 24 फेब्रुवारी 2022 रोजी, युक्रेनवरील आक्रमणाला तोंड फुटत असताना, केए-सॅट या व्यावसायिक उपग्रह सेवेवर हल्ला झाला. युक्रेनचे सैन्य ती सेवा वापरत होते. हल्लेखोरांनी कोणतेही एन्क्रिप्शन फोडले नाही. व्यवस्थापनासाठी ठेवलेल्या व्हीपीएनच्या (दुरून आत येण्याच्या सुरक्षित वाटेच्या) सदोष मांडणीतून ते आत गेले आणि युरोपभरच्या हजारो मोडेमना रीतसर वाटणारे आदेश पाठवून त्यांची मेमरी पुसून टाकली. जर्मनीतील सुमारे 5,800 पवनचक्क्यांवरची दूरदेखरेखही त्यात बंद पडली. जालीम कुलूप लावलेल्या वाड्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरीच फितवावा, तसा हा प्रकार होता.

जमिनीखालच्या तारांबद्दल पुस्तकी उदाहरण देत नाही. एका जिल्हा कार्यालयासाठी दोन स्वतंत्र मार्गांनी फायबर घेतलेला होता: दोन कंपन्या, दोन बिले, नकाशावर दोन रंगांच्या रेषा. पाण्याच्या पाइपलाइनचे खोदकाम करताना जेसीबीने एकदाच बकेट खाली घातली आणि दोन्ही मार्ग गेले. खड्ड्यात उतरून पाहिले तेव्हा नारिंगी आणि निळा असे दोन डक्ट (फायबरच्या नळ्या) ओढ्यावरच्या एकाच मोरीतून वीतभर अंतराने जात होते. दुसऱ्या कंपनीने त्या टप्प्यात पहिलीचीच जागा भाड्याने घेतलेली होती. संदेश कोणी वाचला नाही हे खरे, पण अडचणीच्या वेळी तो पोहोचलाच नाही तर त्या गुप्ततेचा काय उपयोग?

256 बिटांच्या किल्लीबद्दल गणित मजकुराच्या बाजूने आहे, त्यामुळे कोणी त्या गणिताच्या वाटेला जात नाही. एकदाच वापरायच्या यादृच्छिक किल्लीची पद्धत तत्त्वतः फोडता येत नाही, हे क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने सिद्ध केलेले आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले सोव्हिएत संदेश अमेरिकेने वाचले, कारण घाईच्या दिवसांत किल्ल्यांची तीच पाने दोनदा छापून वाटली गेली होती. आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे आहे. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याआधीच हल्लेखोरांनी उभी केलेली बनावट यंत्रणा “पैसे द्या” असे उत्तर देत होती आणि अवघ्या काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून नोटा बाहेर पडत होत्या. तारेवरचा संदेश किती बिटांनी बंद केला होता, याला त्यात काहीच अर्थ उरला नव्हता, कारण उत्तर देणारा तोतया होता.

“संदेश हाती पडला तरी शत्रूला काही कळत नाही” हे वाक्य तर धोकादायक आहे. मजकूर झाकला जातो. कोण, कुठून, किती वेळा आणि केव्हा बोलतो, हे झाकले जात नाही. 2023 च्या पहिल्याच रात्री युक्रेनमधील रशियाच्या ताब्यातल्या माकिव्का येथे रशियन सैनिकांच्या निवासावर क्षेपणास्त्रे पडली. सैनिकांनी मोठ्या संख्येने मोबाइल वापरले हे त्यामागचे मुख्य कारण असल्याचे रशियाच्याच संरक्षण मंत्रालयाने सांगितले आणि मृतांचा आकडा 89 दिला. फोनवर कोण काय बोलले हे ऐकण्याची कोणाला गरज नव्हती. 2018 च्या जानेवारीत स्ट्रावा या धावण्याच्या ॲपच्या जागतिक नकाशावर वाळवंटातल्या लष्करी तळांच्या कुंपणांच्या आकाराच्या उजळ रेषा दिसल्या, त्या तर जवानांच्या सकाळच्या व्यायामाच्या होत्या. म्हणून लष्करी रेडिओत वारंवारता झपाट्याने बदलत राहणे, कमी शक्तीवर आणि नेमक्या दिशेने प्रक्षेपण करणे, बोलायचे नसतानाही तार सारखी भरलेली ठेवणे असे उपाय एन्क्रिप्शनच्या जोडीला येतात. मुलकी निविदांमध्ये यांतले एकही कलम मला क्वचितच दिसले.

राहिली वीस वर्षांची निश्चिंती. ऑगस्ट 2024 मध्ये निस्टने क्वांटम संगणकापुढे (काही गणिते आजच्या संगणकांपेक्षा फार वेगाने सोडवू शकणाऱ्या यंत्रापुढे) टिकतील अशा पद्धतींची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. आज आपण ज्या पद्धतीने किल्ल्यांची देवाणघेवाण करतो, ती तसा संगणक प्रत्यक्षात आल्यास मोडेल, हे गृहीत धरून ती केलेली आहेत. आज टिपून ठेवलेला संदेश तेव्हा उघडता येईल, म्हणजे जी माहिती वीस वर्षे गुप्त राहायला हवी तिच्यासाठी ती वेळ आताच आलेली आहे. नेटवर्क बसवताना त्यातला अल्गोरिदम पुढे बदलता येईल अशी रचना हवी, आणि टेट्राचा धडाही तोच आहे: ज्यांच्या रेडिओत टीईए-1 होता, त्यांच्यापुढे वरून आणखी एक एन्क्रिप्शन चढवणे किंवा यंत्रणाच बदलणे असे खर्चिक पर्याय उरले. निविदेत बिटांचा आकडा ठळक अक्षरांत असतो. दहाव्या वर्षी, गडावरच्या मनोऱ्यावर बसवलेल्या रेडिओतला अल्गोरिदम कोण, कसा आणि कोणाच्या पैशाने बदलणार, ती ओळ शोधावी लागते.