गालाच्या आत एकच थर नसतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

कळव्याच्या ताई,

तुमची तक्रार रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अभिस्तर ऊतींवरच्या (म्हणजे शरीराच्या पृष्ठभागांवर आणि पोकळ्यांच्या आत पसरलेल्या पेशींच्या अस्तरावरच्या) लेखात मी तोंडाच्या आतल्या बाजूला 'स्तरित पट्टकी अभिस्तर', म्हणजे अनेक थरांचा, वरच्या पेशी चपट्या असलेला, असतो असं लिहिलं. तुमच्या मुलीच्या नववीच्या क्लास-नोट्समध्ये तिथे 'सरल पट्टकी', म्हणजे चपट्या पेशींचा एकेरी थर, आहे, आणि शाळेत गाल खरवडून केलेल्या स्लाइडवरही तिला चपट्या पेशींचा एकच थर दिसला. तुमचा दुसरा आक्षेप असा की अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात म्हणता, तर गाल चावल्यावर रक्त कुठून येतं?

गालाच्या आतल्या अभिस्तरात पेशींचे साधारण 40 ते 50 थर असतात, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तशी ती असावीच लागते. मामलेदारच्या मिसळीचा एक घास घ्या: फरसाणाची टोकं, कढत तर्री, वर दातांचं घासणं. एकच थर असता तर खालची ऊती लगेच उघडी पडली असती. इथे वरच्या पेशी झिजून लाळेबरोबर पोटात जातात आणि तळाच्या पेशी विभाजित होऊन नव्या पेशी वर सरकवत राहतात. अन्ननलिकेतही हेच चालतं.

सरल पट्टकी अभिस्तराचं काम याच्या उलट, पदार्थ आरपार जाऊ देण्याचं. फुप्फुसातल्या वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा, म्हणजे वायुकोशाची पेशी, आधारपटल (अभिस्तराच्या पेशी ज्यावर टेकतात ते पातळ पटल) आणि केशवाहिनीची पेशी मिळून, बहुतेक ठिकाणी अर्धा मायक्रोमीटर भरतो. गालाचा अभिस्तर त्याच्या सुमारे हजारपट जाड. ऑक्सिजनला तेवढं अंतर कापावं लागलं तर आपला श्वास पुरणार नाही.

मग स्लाइडवर एकच थर का? कारण टूथपिकने आपण फक्त सर्वांत वरच्या, गळायला आलेल्या पेशी खरवडतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या गच्चीवरून चार फरशा उचलून आणल्या म्हणून टॉवर एकमजली ठरत नाही. थर बघायचे तर ऊतीचा उभा छेद हवा. प्रयोगशाळेत तयार स्लाइड असेल तर मुलीला ती मागायला सांगा. त्यात तळाच्या पेशी चपट्या नसून उभट किंवा चौकोनी दिसतील. 'पट्टकी' हे नाव फक्त वरच्या थराच्या आकारावरून पडलं आहे. हे मूळ लेखात यायला हवं होतं, आता भर घातली आहे.

खरवडण्याचा प्रयोग तरीही करावाच, फक्त नीट. आधी चूळ भरायची. टूथपिकचा बोथट भाग गालावर हलकेच एक-दोनदा फिरवायचा आणि काचपट्टीवरच्या सलाइनच्या (सौम्य मिठाच्या पाण्याच्या) थेंबात मिसळायचा. साध्या पाण्यात पेशी फुगतात. मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबायचं, मग कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडायची आणि जास्तीचा रंग टिपकागदाने टिपायचा. कव्हरस्लिप धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडांचे ते गोल मुलं पेशी समजून वहीत काढतात. खऱ्या पेशीची कड वेडीवाकडी असते आणि मधोमध गडद निळं केंद्रक असतं.

रक्ताचं उत्तर याच प्रयोगात आहे. हलकं खरवडल्यावर रक्त येत नाही, कारण टूथपिक अभिस्तरातच राहते. अभिस्तराला अन्न आणि ऑक्सिजन खालच्या संयोजी (जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या) ऊतीतल्या केशवाहिन्यांकडून, आधारपटलातून झिरपत मिळतो. ही संयोजी ऊती बोटांसारखे उंचवटे काढून अभिस्तरात वर घुसलेली असते. गाल चावला की दात थेट या उंचवट्यांपर्यंत पोचतो, आणि रक्त तिथून येतं. नवी चप्पल चावून टाचेला येणारा फोड आठवा. तिथे अभिस्तराचेच थर एकमेकांपासून सुटतात, म्हणून आत पाणी भरतं. फोड लाल झाला तर समजावं की इजा त्याखाली गेली आहे.

राहिला मार्कांचा प्रश्न. सरल पट्टकी अभिस्तराची उदाहरणं विचारली तर मुलीने 'वायुकोश' आणि 'रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर' लिहावं, स्तरितसाठी 'त्वचेचा बाह्यस्तर'. ही उदाहरणं निर्विवाद बरोबर आहेत, मार्क जायचं कारण नाही. तोंडाबद्दल थेट विचारलं, तर आधी तिच्या बाईंना हे थरांचं गणित दाखवून बोलून घ्या.