दोन वर्द्या, एक माणूस: फिरत्या सल्ल्याला उत्तर

इथे अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्यांची मुलं आर्मी रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे नोकरी सांभाळून अधूनमधून लष्करी सेवा करायच्या राखीव दलात, आहेत आणि आता कस्टम्स, मार्शल्स, सीक्रेट सर्व्हिस असल्या फेडरल नोकऱ्यांकडे बघतायत, अशा आईबापांना तो सल्ला आहे. मुद्दे चार. बॅज, म्हणजे फेडरल पोलिसी नोकरी, मिळाला की रिझर्व्ह सोडावंच लागतं. नाही सोडलं तर साहेब ड्रिलला, म्हणजे महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या लष्करी सरावाला, रजा देत नाही. तरीही जे चिकटून राहतात ते दोन्हीकडचा पगार खातात. आणि एकदा वर्षभराच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं की पेन्शन तुटलंच. शेवटी ‘मुलांना वेळीच समजवा’ आणि जोडलेले हात.

मी एका फेडरल खात्यात हजेरी आणि रजांचे कागद बघते. माझा भाचा विमानतळावर एका वर्दीत उभा असतो आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार दुसऱ्या वर्दीत. त्यामुळे तीन वेगवेगळ्या गटांतून हा मेसेज आल्यावर गप्प बसवेना.

‘सोडावंच लागतं’ हा समज भारतातून आला असावा, असा मला संशय आहे. तिकडे प्रादेशिक सेनेत पोलिसांना आणि निमलष्करी दलांतल्या जवानांना जाता येत नाही. इथे तशी सरसकट बंदी नाही. उलट १९९४ चा यूसेरा कायदा सांगतो की राखीव दलात आहे म्हणून कुणाला नोकरी, बढती किंवा कसलाही लाभ नाकारायचा नाही, आणि हे फेडरल सरकारलाही लागू आहे. मेसेजच्या या मुद्द्यात खरं आहे ते एवढंच: आणीबाणीत रिकामी ठेवताच येणार नाहीत अशी काही पदं ‘की पोझिशन’ म्हणून ठरवता येतात, आणि अशा पदावरच्या माणसाला रेडी रिझर्व्हमधून, म्हणजे लगेच बोलावता येणाऱ्या राखीव दलातून, बाहेर काढतात. दुसरं, एफबीआय, सीआयए, एनएसए अशा तपास आणि गुप्तचर संस्थांसाठी कायद्यात वेगळं कलम आहे. कामावर परत घेणं अशक्य किंवा अवाजवी आहे असं त्यांच्या प्रमुखानं ठरवलं तर नेहमीच्या लवादाकडे दाद मागता येत नाही. पण तेव्हाही दुसऱ्या फेडरल खात्यात जागा देऊ करावी लागते. म्हणून विचारायचं ते त्या पदाबद्दल, त्या संस्थेत, अर्ज करायच्या आधी. ‘फेडरल’ हा शब्द ऐकून राजीनामा लिहायला बसू नका.

आता रजा. मुळात ही परवानगी नव्हेच. माणसानं कळवायचं असतं, तोंडी कळवलं तरी कायद्याला चालतं, आणि साहेबाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार नाही. वार्षिक रजा खर्च कर अशी सक्तीही करता येत नाही. भाचा दर वर्षी ऑक्टोबरच्या आत वर्षभराच्या ड्रिलच्या तारखा छापून ड्यूटी लावणाऱ्याच्या टेबलावर ठेवतो आणि एक प्रत ईमेलनं पाठवतो. तरी मार्चमध्ये पाळीचा तक्ता लागला की त्याच्या नावापुढे रविवारची रात्रपाळी असते. तीस दिवसांपर्यंतच्या सेवेचा नियम असा की घरी पोचल्यावर आठ तासांची विश्रांती धरायची आणि मग पुढच्या पूर्ण दिवशी पहिल्या पूर्ण पाळीला हजर व्हायचं. संध्याकाळी चारला ड्रिल सुटलं, अडीच तास गाडी चालवून पोरगं घरी आलं, की त्या रात्री अकराला त्याला उभं करता येत नाही. हे तो साहेबाला दर वर्षी नव्यानं समजावतो. साहेब वाईट नाही. त्याच्याकडे माणसं कमी आहेत. आणि भाच्याची पाळी ज्याच्या गळ्यात पडते तो सहकारी तक्त्याकडे बघत म्हणतो, ‘परत तुझा वीकेंड का?’ कायद्यात याला कलम नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं भीती घालायचीच होती तर इथे घालायची.

दोन पगारांचं मात्र नीट बसून मोजू. फेडरल कर्मचाऱ्याला आर्थिक वर्षाला २० दिवस लष्करी रजा मिळते, पूर्ण पगारी. त्या दिवसांत लष्कराचे पैसेही मिळतात, म्हणजे तेवढ्यापुरता मेसेज खरा. न वापरलेले जास्तीत जास्त २० दिवस पुढच्या वर्षात जातात. पूर्वी या रजेत मधले सुट्टीचे दिवसही कापले जायचे. २००० साली कायदा बदलला आणि हिशोब तासांवर आला. जुन्या कापाकापीवर न्याय खात्याचे कर्मचारी कोर्टात गेले आणि २००३ मध्ये जिंकले.

आता २० दिवस पुरतात का? सोमवार ते शुक्रवार टेबलावर बसणाऱ्याला पुरतात. त्याचं ड्रिल सुट्टीच्या दिवशीच येतं, आणि उन्हाळ्यातल्या दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणात कामाचे दहा दिवस जातात. माझ्या भाच्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवार-बुधवार. बारा ड्रिलचे २४ दिवस, सगळे कामाचे. वर प्रशिक्षणाचे १०. झाले ३४. वीस वजा केले की उरतात १४, आणि मागचं काही शिल्लक नसेल तर ते बिनपगारी, नाहीतर स्वतःची रजा, नाहीतर कुणाशी अदलाबदल. वर्दीतल्या बहुतेकांच्या पाळ्या अशाच असतात. दोन्हीकडून खातो म्हणे!

आणीबाणीच्या मोहिमेसाठी किंवा कायदा-सुव्यवस्थेच्या कामात बोलावलं तर आणखी २२ दिवस आहेत, पण त्यात दोन्ही पगार हातात राहत नाहीत. लष्करी पगार सरकारी पगारातून वळता होतो. लांबच्या बोलावण्यात लष्कराचा पगार नोकरीपेक्षा कमी असेल तर खात्यानं फरक भरायचा, अशी तरतूद २००९ पासून आहे. तो फरक द्यायला खाती खळखळ करत होती. कोस्ट गार्डच्या राखीव दलातला निक फेलिसियानो नावाचा हवाई वाहतूक नियंत्रक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३० एप्रिल २०२५ ला ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला: राष्ट्रीय आणीबाणी चालू असताना बोलावलं एवढं पुरे, त्या माणसाच्या कामाचा आणीबाणीशी थेट संबंध दाखवायची गरज नाही. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

राहिलं पेन्शन. फेडरल पोलिसी पदांचं गणित वेगळं आहे, हे खरं. साधारण ३७ च्या आत शिरायचं, २० वर्षं भरली की पन्नाशीला निघता येतं, आणि वीस भरली असतील तर ५७ ला निघावंच लागतं. त्यामुळे मधलं वर्ष गेलं की पोट दुखणारच. पण नोकरीतून बोलावणं येऊन माणूस यूसेराप्रमाणे परतला असेल आणि पेन्शनसाठीची रक्कम भरली असेल, तर तो काळ त्या २० वर्षांतच मोजला जातो. ही रक्कम साधारणपणे लष्करी मूळ पगाराच्या ३ टक्के असते. ४०,००० डॉलरला १,२००. सुरुवातीला व्याज नसतं, नंतर ते चढतं, आणि भरायचं ते निवृत्तीच्या आधी. नोकरी लागण्यापूर्वीची लष्करी वर्षं मात्र साधी म्हणून धरतात, त्या विसांत नाही. इथे बरेच जण फसतात. राखीव दलाचं स्वतःचं पेन्शन, साधारण साठीला सुरू होणारं, त्यापायी सोडावं लागत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक अधिकारी आला. निवृत्तीला सहा आठवडे राहिलेले, इराकमधल्या वर्षाचे पैसे भरलेले नाहीत, कागद कुठे ते बायकोला माहीत. मुद्दलावर चढलेल्या व्याजाचा आकडा बघून तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. त्या संध्याकाळी मी भाच्याला फोन केला. ‘मावशी, आहे गं कुठेतरी,’ म्हणाला. त्याचं डीडी-२१४, म्हणजे लष्करी सेवेचा दाखला, तेव्हापासून माझ्या कपाटात आहे.