फळमाशीच्या पेशी ‘आपसूक’ जागेवर पोचत नाहीत

काजूच्या हंगामात फोंड्याच्या वाटेवर बोंडूंचा वास सुटतो आणि व्हॉट्सअॅपवर फळमाशी उगवते. पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मजकूर मला तिघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: ‘आंबे नासवणाऱ्या माशीवर शास्त्रज्ञ पैसे उधळतात. म्हणे तिच्या गर्भातल्या पेशींना रसायनं वाट दाखवतात! प्रत्येक पेशीला आपली जागा जन्मतःच ठाऊक असते, ती आपसूक तिथे जाते. आणि माशीचा माणसाशी काय संबंध?’ मी उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. हे वाचून गप्प बसवेना.

आधी आंब्याचं. मानकुराद कापल्यावर वळवळणाऱ्या अळ्या बहुतेकदा बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या माशीच्या असतात. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर वेगळ्या कुळातली, जेमतेम तीन मिलिमीटरची. ती अतिपिकल्या केळ्यावर, भट्टीजवळ आंबणाऱ्या रसावर घोंगावते. मानकुरादाच्या नासाडीचं खापर तिच्या माथी मारू नये.

आता ‘आपसूक’. वर्गात आम्ही बरणीत केळं ठेवून ही माशी पाळतो. तिचं अंडं भिंगाखाली ठेवलं की अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा दाणा दिसतो, पुढच्या टोकाला दोन बारीक दोऱ्यांसारखे तंतू. २५ अंश तापमानात साधारण एका दिवसात त्यातून अळी बाहेर येते. तेवढ्या वेळात, मागच्या टोकाशी जन्मलेल्या जननपेशींना, म्हणजे ज्यांपासून पुढे अंडी किंवा शुक्राणू बनतात त्या पेशींना, आतड्याची भिंत ओलांडून जननग्रंथी घडवणाऱ्या पेशींपर्यंत जायचं असतं.

मजकुरात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. सुरुवातीला या पेशी चालत नाहीत; गर्भाला घड्या पडतात तेव्हा त्यांच्याबरोबर आत ओढल्या जातात. पण आतड्यातून बाहेर पडायला त्यांना स्वतः हलावं लागतं, आणि त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ट्रे-१ नावाचा ग्राही लागतो, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणारं प्रथिन. २००३ साली प्रभात कुंवर, रूथ लेहमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा ग्राही बिघडला तर बहुतेक जननपेशी आतड्यातच अडकतात.

याहून बोलका पुरावा पुढच्या वाटेवर आहे. वुनेन हा जनुक १९९६ साली ओळखला गेला. त्याचं प्रथिन ज्या ऊतींत असतं, तिकडे जननपेशी फिरकत नाहीत. आजूबाजूच्या ऊतींतून ते काढून टाकलं की त्या सैरभैर होतात. याच्या उलट काम एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमचं. जननग्रंथी घडवणाऱ्या पेशींत ते भरपूर असतं. हे एन्झाइम स्वतः निरोप नव्हे, निरोप तयार व्हायला ते लागतं. १९९८ साली लेहमन यांच्या गटाने ते मुद्दाम भलत्याच ऊतींत तयार करवलं, आणि जननपेशी तिकडे वळल्या!

इथे जरा थांबून विचार करा. प्रवासी पेशींना हात लावलेला नव्हता, बदल केला होता तो भोवतालच्या ऊतींत. पेशीला जागा जन्मतःच ठाऊक असती, तर शेजार बदलल्याने ती वाट का सोडेल?

‘रसायन’ म्हणजे कुणी बाहेरून फवारलेलं औषध, असा अर्थही इथे घेऊ नये. आंब्याच्या झाडाला टांगलेल्या सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल हे माश्यांना भुलवणारं रसायन आपण आणून ठेवतो. गर्भातले संकेत गर्भच बनवतो.

राहिला माणसाचा संबंध. आजोबा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी घेत असतील, तर ती गोळी माणसातल्या याच एन्झाइमला रोखते. माशी कोलेस्टेरॉल बनवत नाही, पण एन्झाइम तेच. आपल्या जननपेशीसुद्धा पीतक-पिशवीच्या, म्हणजे गर्भाला जोडलेल्या पिशवीच्या, भिंतीपासून बीजांडकोशापर्यंत किंवा वृषणापर्यंत गर्भातच प्रवास करतात. आणि ट्रे-१ ज्या ग्राहींच्या मोठ्या घराण्यातला, त्याच घराण्यात सीएक्ससीआर-४ आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तो आढळतो. त्याला जुळणारा संकेत फुफ्फुसात आणि अस्थिमज्जेत मुबलक असतो, आणि या पेशी पसरतात त्या बऱ्याचदा नेमक्या तिथेच, हे २००१ साली दाखवून दिलं गेलं.